शहरातल्या कलेला हातभार लावायचा आहे, पण नेमका कुठे?

प्रश्न असा आला आहे: "मी चित्रकार नाही. पण भित्तिचित्रं, रस्त्यावरचे प्रयोग, छोटे कलामहोत्सव हे सगळं बघायला मनापासून आवडतं. आता नुसते फोटो काढून थांबू नये असं वाटतं. महिन्याला थोडे पैसे आणि आठवड्याचे दोन-तीन तास देता येतील. ते कुठे द्यावेत? कलेच्या निमित्ताने सामाजिक कामासाठी पैसे गोळा करतात, त्यातून खरंच काही होतं का? आणि एखादं चित्र चांगलं की नुसतंच मोठं, हे ओळखायचं कसं?"

मी बरीच वर्षं भित्तिचित्रांच्या प्रकल्पांचं संयोजन करते. म्हणजे भिंतमालकाची परवानगी, परांची, रंग, विमा, शेजाऱ्यांच्या तक्रारी, आणि चित्रकाराचे पैसे वेळेवर निघतात ना, हे बघणं. ब्रश हातात क्वचितच येतो. त्यामुळे माझं मत थोडं एकांगी असेल, पण ते ठाम आहे. चित्र रंगवायला कुणी ना कुणी पैसे देतं. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाला कुणी देत नाही. तुमचे पैसे आणि तास तिथे गेले तर त्यांचं चीज होईल.

तरी सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करते. नीट बघायची सवय लागली की कुणाला मदत करावी, हे निम्मं तिथेच कळतं.

भिंतीपुढे आलं की बहुतेकांचा हात आधी मोबाइलकडे जातो, आणि मग चौकटीत मावेल तेवढंच दिसतं. चार मजली भिंतीवरचा चेहरा मोबाइलच्या पडद्यासाठी काढलेला नसतो, तो पलीकडच्या बाजूने चालत जाणाऱ्याला दिसावा म्हणून काढलेला असतो. म्हणून आधी रस्ता ओलांडा, तिथून बघा. मग हात लागेल इतक्या जवळ जा. स्प्रेचा कॅन भिंतीला जवळजवळ चिकटवून हात झपकन फिरवला की रेघ बारीक आणि कडक येते. कॅन लांब धरला की कडा धूसर होते. हात क्षणभर अडखळला की तिथे रंग ओघळतो. गालावरची सावली धूसर फवाऱ्याने हळूहळू चढवलेली आणि पापणीची रेघ एका दमात मारलेली दिसली, की हा हात मुरलेला आहे हे समजावं. मोठेपणाने काहीच सिद्ध होत नाही. चांगला प्रोजेक्टर आणि उंच लिफ्ट मिळाली की कुणालाही मोठं चित्र काढता येतं.

स्टेन्सिलचं, म्हणजे कापलेल्या साच्यातून रंग फवारून केलेलं काम असेल तर त्यातले पूल शोधा. अक्षराच्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून कापताना ज्या बारीक पट्ट्या ठेवाव्या लागतात, त्यांना पूल म्हणतात. कसलेला कलाकार ते चित्रातच मुरवून टाकतो, नवख्याचे उघडे पडतात. स्टेन्सिल रस्त्यावर आलं तेही निव्वळ सौंदर्यासाठी नाही. ब्लेक ल रा या फ्रेंच कलाकाराने १९८१मध्ये पॅरिसच्या भिंतींवर उंदीर उमटवायला सुरुवात केली, तेव्हा काम काही क्षणांत आटोपून निघून जाता येणं हा स्टेन्सिलचा मोठा फायदा होता. १९९१मध्ये तो पकडला गेला, त्यानंतर तो घरीच तयार केलेली पोस्टरं नेऊन चिकटवू लागला. म्हणजे कायद्याचा बडगा बसला की तंत्र बदलतं, आणि तंत्र बदललं की चित्राचा चेहरामोहराच बदलतो. हे लक्षात ठेवून बघितलं तर साधं चिकटवलेलं पोस्टरही बरंच काही सांगतं.

जमलं तर चित्र तयार होत असताना जा. त्यासारखी गंमत पूर्ण झालेल्या चित्रात नाही. हल्ली पुष्कळ चित्रकार भिंतभर आधी वेड्यावाकड्या खुणा मारतात: आकडे, अक्षरं, गोल, बाण, काहीही. त्या भिंतीचा फोटो काढतात आणि टॅबवर त्यावर मूळ रेखाटन पारदर्शक करून ठेवतात. मग नाकाचा शेंडा त्या उलट्या ७च्या टोकाला आहे आणि खांदा दुसऱ्या गोलाला घासून जातो, असं बघत बघत वीस फुटांचा चेहरा परांचीवर एकटा माणूस बिनचूक मांडतो. चौकोनांची जाळी आखायला लागायचा तो अख्खा दिवस वाचतो. मात्र त्या पहिल्या दिवशी समोरच्या इमारतीतून कुणीतरी हमखास खाली येतं आणि काळजीने विचारतं, "हे असंच राहणार का हो?"

ग्राफिटी, म्हणजे रस्त्यावरच्या भिंतींवर फवारलेली नावं आणि चित्रं, हे विद्रूपीकरण की कला, हा वाद मी फार ताणत नाही. कुणाच्या दुकानाच्या शटरवर नाव खरडून जाणाऱ्याचं समर्थन मी करणार नाही, तो खर्च एका माणसाच्या खिशातून जातो. पण 'चांगली मुलं म्युरल (भित्तिचित्र) काढतात आणि वाईट मुलं टॅग मारतात, म्हणजे आपलं नाव खरडतात' ही विभागणी खोटी आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने १९८४मध्ये ग्राफिटीविरोधी मोहीम काढली, तेव्हा जेन गोल्डन या चित्रकर्तीला रात्री भिंती रंगवणाऱ्या मुलांशी बोलायला नेमलं. त्या मुलांना रंगाची जाण होती, उंचीची भीती नव्हती, त्यांच्याकडे फक्त परवानगीची भिंत नव्हती. त्या मोहिमेतूनच आजची 'म्युरल आर्ट्स फिलाडेल्फिया' ही संस्था उभी राहिली आणि तिच्या भित्तिचित्रांची संख्या ४,०००च्या वर गेली. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कीथ हेरिंग या चित्रकाराने १९८६मध्ये एका हँडबॉल कोर्टाच्या भिंतीवर क्रॅक या अमली पदार्थाविरुद्ध चित्र काढलं, तेही विनापरवाना. त्याला दंड झाला. पुढे तिथेच ते त्याने परवानगीने पुन्हा काढलं आणि आज ते शहराच्या ठेव्यांत मोजलं जातं.

आता पैशांकडे येते.

भित्तिचित्राचा शत्रू पाऊस नाही, भिंतीच्या आतली ओल आहे. विटांमधलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, ते पृष्ठभागावर पांढरे फुलतात आणि रंगाला आतून ढकलतात. चित्र कितीही सुंदर असो, त्याचे पापुद्रे निघतातच. ताज्या प्लास्टरवर घाईने रंगवलं तरी तेच होतं. नवं सिमेंट काही आठवडे वाळू द्यावं लागतं आणि त्यातला अल्कलीपणा झेलणारा प्रायमर मारावा लागतो, नाहीतर रंग करपतात. मग उन्हाचा प्रश्न. काही भडक लाल आणि पिवळी रंगद्रव्यं सर्वांत आधी फिकटतात, तर गेरूच्या जातीचे, लोहाच्या ऑक्साइडचे रंग पिढ्यान्पिढ्या टिकतात. दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीवर कोणता लाल वापरायचा, हा सौंदर्याइतकाच खर्चाचा निर्णय असतो. गळणारा पाइप दुरुस्त करणं, जुना सुटा रंग खरवडणं, भेगा बुजवणं, प्रायमर आणि शेवटचा संरक्षक थर, ही सगळी तयारी नीट झाली तर चित्र वीसेक वर्षं सहज टिकतं. नाही झाली तर दोन-तीन वर्षांत ते बघवत नाही. आणि प्रायोजक कधीही पाइपसाठी पैसे देत नाही, कारण पाइपवर त्याचं नाव लिहिता येत नाही.

नंतरचंही तसंच. लॉस एंजेलिसमधलं 'ग्रेट वॉल' हे भित्तिचित्र घ्या. ज्युडी बाका या चित्रकर्तीने १९७६मध्ये एका पूरनियंत्रण कालव्याच्या काँक्रीटच्या भिंतीवर कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगवायला घेतला, त्यातही पाठ्यपुस्तकांनी वगळलेल्या लोकांचा. १९८३पर्यंत, काही उन्हाळ्यांत मिळून, चारशेहून अधिक तरुणांनी ते काम केलं. त्यांतली कित्येक मुलं पोलिसांच्या नोंदीत नाव असलेली होती. लांबी २,७५४ फूट, म्हणजे जवळपास अर्धा मैल. इतकं नावाजलेलं काम, तरी ऊन आणि पुराचं पाणी काही त्याची गय करत नव्हतं. २०११मध्ये त्याचा मोठा जीर्णोद्धार करावा लागला. एवढ्या कामाची ही गत, तर कुठल्याशा गल्लीतल्या चित्राचं काय होणार?

म्हणून कुणी भित्तिचित्रासाठी वर्गणी मागितली तर हात आखडू नका, पण दोन गोष्टी विचारा. पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे कुठे ठेवलेत? आणि चित्रकाराला मानधन किती? मी स्वतः अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा देखभालीसाठी बाजूला काढते आणि त्याला इतर कशासाठी हात लावू देत नाही. पहिल्या प्रश्नावर समोरचा गोंधळला तर समजून घ्या, बहुतेकांनी विचारच केलेला नसतो. तुमची वर्गणी 'फक्त देखभालीसाठी' असं लिहूनच द्या, म्हणजे विचार सुरू होईल. दुसऱ्या प्रश्नावर "त्यांना प्रसिद्धी मिळेल" असं उत्तर आलं तर मात्र पाकीट खिशातच राहू द्या.

मानधनाचा मुद्दा जरा अधिक सांगण्यासारखा आहे. कॅनडात 'कारफॅक' ही कलाकारांची संघटना १९६८पासून आहे, तिने प्रदर्शनाच्या मानधनाचे किमान दर ठरवून दिलेत आणि ते नियमितपणे जाहीर होतात. दर जाहीर असला की घासाघीस संपते. जिथे असं काही नाही, तिथे स्पर्धा नावाचा प्रकार बोकाळतो. शेकडो जणांनी फुकट आराखडे द्यायचे, एकाला बक्षीस, बाकीच्यांचे दिवस वाया. अशा स्पर्धेला मत देऊ नका, ती पुढे पाठवू नका. दोन-तीन चित्रकारांना निवडून आराखड्याचेही पैसे देणारा संयोजक दिसला तर त्याच्या पाठीशी उभं राहा.

तुमची महिन्याची रक्कम छोटी आहे म्हणून संकोचू नका. कलाकारांनी चालवलेल्या जागांचा जीव भाड्यात अडकलेला असतो, आणि भाडं दर महिन्याला येतं. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारी छोटी रक्कम वर्षातून एकदा मिळणाऱ्या मोठ्या देणगीपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण तिच्या भरवशावर करार करता येतो. चित्र विकत घ्यायचं असेल तर थेट कलाकाराकडून घ्या. मूळ चित्र परवडत नसेल तर सही आणि क्रमांक असलेली छापील प्रत घ्या. फोटो टाकताना चित्रकाराचं नाव शोधून लिहा. मात्र काम विनापरवाना असेल तर ठिकाण लिहू नका आणि काम करणाऱ्याचा चेहरा दाखवू नका.

आता तुमचे दोन-तीन तास. ब्रश घेऊन भिंतीपुढे उभं राहायची हौस असते, ते समजू शकते, आणि त्याचीही सोय आहे. फिलाडेल्फियात पॅराशूट क्लॉथ म्हणतात त्या पातळ पॉलिस्टर कापडावर चित्राचे तुकडे रंगवतात आणि मग ते अॅक्रिलिक जेलने भिंतीला कायमचे चिकटवतात. त्यामुळे शाळेतली मुलं, परांचीवर चढू न शकणारी माणसं, अगदी तुरुंगातले कैदीसुद्धा एकाच भिंतीवर काम करू शकतात, प्रत्येकजण आपल्या जागी बसून. रंग कुठे कोणता हे आकड्यांनी लिहिलेलं असतं. असा प्रकल्प जवळ असेल तर जरूर जा.

पण खरी टंचाई आहे ती वेगळ्याच माणसांची. हिशेब लिहिणारा, अनुदानाचा अर्ज मुदतीत भरणारा, बैठकीचं टिपण ठेवणारा आणि दारोदार जाऊन लोकांशी बोलणारा माणूस मिळत नाही. यातलं शेवटचं काम सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचं आहे. चित्र बघायला आपण एकदा जातो, समोरच्या घरातली माणसं ते रोज बघतात. त्यांना आराखडा दाखवून "आवडला का?" विचारलं तर ती भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी विचारावं, या भिंतीसमोरून तुम्ही कधी जाता, आणि इथे काय खटकतं? अनेकदा उत्तर येतं की संध्याकाळी अंधार असतो, नाहीतर इथे कचरा टाकतात. मग चित्राबरोबर दिव्याचा अर्ज जातो, कचऱ्याच्या पेटीची जागा बदलते. लोकांना आधी दिवा हवा असतो. तो मिळाला की चित्राकडे तीच माणसं लक्ष ठेवतात आणि त्याला कुणी हात लावू देत नाहीत.

तुम्हाला फोटोंची आवड आहे, तर एक सोपं काम आजपासून करता येईल. तुमच्या नेहमीच्या वाटेवरची चार-पाच चित्रं निवडा. दर तीन महिन्यांनी त्याच जागी उभं राहून, त्याच वेळेला, त्यांचा फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. शेजारी एक पट्टी किंवा विटांची ओळ दिसू द्या म्हणजे आकाराचा अंदाज येतो. ओल कुठून चढतेय, कोणता रंग उडतोय, भेग किती वाढली, हे अशा नोंदींतून कळतं आणि दुरुस्ती स्वस्तात होते.

सामाजिक कामाबद्दल तुमचा संशय रास्त आहे, पण सगळंच थोतांड नसतं. २०१४मध्ये बँक्सी या टोपणनावाने रस्त्यावर चित्रं काढणाऱ्या प्रसिद्ध ब्रिटिश कलाकाराने ब्रिस्टलमधल्या एका मुलांच्या क्लबबाहेरच्या दरवाजावर चित्र काढलं. क्लब पैशाअभावी बंद पडायच्या बेतात होता. चित्र कुणाच्या मालकीचं यावरून शहरात वाद झाला, शेवटी बँक्सीने पत्र लिहून ते क्लबला दिल्याचं कळवलं. ते ४,०३,००० पाउंडांना विकलं गेलं आणि क्लब वाचला. पण असा एक बँक्सी सगळ्यांच्या दारात येत नाही. एरवी घडतं ते असं की प्रत्येक निधिसंकलनाच्या लिलावासाठी त्याच त्या कलाकारांकडे फुकट चित्र मागितलं जातं. अमेरिकेत तर गंमत अशी की संग्राहकाने चित्र दान केलं तर त्याला बाजारभावाने करसवलत मिळू शकते, पण ज्याने ते काढलं त्याने दान केलं तर फक्त कॅनव्हास आणि रंगाच्या खर्चाची. दानशूर कोण ठरतो बघा! म्हणून लिलावाला जाल तेव्हा विचारा, कलाकाराला हिस्सा आहे का. तिसरा भाग जरी दिला तरी कलाकार चांगलं चित्र देतो, बोली चढते आणि संस्थेच्या हातातही बहुधा जास्तच पडतं. 'नफ्याचा काही भाग' असं मोघम लिहिलेलं असेल तर किती भाग, कोणता खर्च वजा करून, आणि हिशेब कधी मांडणार, हे विचारा. तीन महिन्यांत पावतीसह हिशेब देणारी संस्था दिसली की पुढच्या वर्षीही तिलाच द्या. दरवेळी नवी संस्था शोधण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट कडू आहे, पण सांगायला हवी. चित्रांनी वस्ती सुंदर होते, सुंदर वस्तीत भाडी चढतात आणि ज्यांच्यासाठी चित्रं काढली तेच बाहेर फेकले जातात. ब्लू नावाचा इटालियन कलाकार हे सगळ्यांत ठणठणीतपणे बोलला, तेही न बोलता. बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागातली त्याची दोन प्रचंड भित्तिचित्रं शहराची ओळख बनली होती, आणि शेजारच्या मोकळ्या भूखंडावर इमारती येणार होत्या. डिसेंबर २०१४मध्ये ती चित्रं त्याच्या संमतीने काळ्या रंगाने पुसून टाकली. २०१६मध्ये इटलीतल्या बोलोन्यात एका प्रदर्शनासाठी रस्त्यावरची चित्रं भिंतीवरून उतरवून आत नेली, तेव्हा त्याने त्या शहरातली स्वतःची चित्रंही पुसली. मला ते योग्य वाटलं. म्हणून एखाद्या बिल्डरने अख्खी गल्ली रंगवायला घेतली की मी आधी विचारते, भाडेकरूंचे करार किती वर्षांचे आहेत. कलेला पाठिंबा द्यायचा तर नगरपालिकेच्या सुनावणीतही जावं लागतं. फिलाडेल्फियाने १९५९मध्ये सार्वजनिक जमिनीवरच्या पुनर्विकासात बांधकाम खर्चाचा एक टक्का कलेसाठी ठेवण्याचा नियम केला, पुढे कितीतरी शहरांनी तो उचलला. तुमच्या शहरात तसा नियम असेल तर त्यातून देखभाल आणि परवडणाऱ्या भाड्याचे स्टुडिओही व्हावेत, ही मागणी लावून धरण्यासारखी आहे. सुनावणीला पाच नागरिक आले तरी फरक पडतो, कारण एरवी तिथे फक्त कंत्राटदार असतात.

शेवटी, आवडतं चित्र पुसलं जाणार अशी कुणकुण लागली तर काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ती वेळ येतेच. भिंत मालकाची असली तरी चित्रावर चित्रकाराचा नैतिक हक्क अनेक देशांत मानला जातो. न्यूयॉर्कमधल्या 'फाइव्ह पॉइंट्झ' या ग्राफिटीने भरलेल्या इमारतींच्या मालकाने २०१३मध्ये एका रात्रीत सगळ्या भिंतींवर पांढरा रंग फिरवला. कलाकारांच्या हक्कांच्या १९९०च्या अमेरिकी कायद्याप्रमाणे कलाकारांना ९० दिवसांची नोटीस द्यायला हवी होती. २०१८मध्ये न्यायालयाने ४५ कामांसाठी प्रत्येकी दीड लाख, म्हणजे एकूण साडेसदुसष्ट लाख डॉलर २१ कलाकारांना द्यायला लावले, आणि २०२०मध्ये अपिलातही ते टिकलं. भारतातही शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९मध्ये काढून गोदामात टाकलं होतं. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला सांगितलं, शिवाय ५ लाख रुपये नुकसानभरपाई दिली.

अशा दाव्यांत पुरावा लागतो, आणि तुमचे ते दर तीन महिन्यांचे फोटो इथे सोन्याच्या भावाचे ठरतात. तरी स्वाक्षरी मोहीम सुरू करण्याआधी चित्रकाराला फोन करा. काही जण वकिलाकडे जातील, काही चित्र दुसऱ्या भिंतीवर पुन्हा काढायची तयारी दाखवतील. काही सरळ म्हणतील, जाऊ दे, जुनं झालं होतं. मग मोहीम काढू नका, फोटो तेवढे त्यांना पाठवून द्या.